बाखचे कागद

8 जून 1749 रोजी लाइपझिगमध्ये गॉटलोब हारर नावाच्या संगीतकाराची परीक्षा झाली. जागा होती सेंट थॉमस चर्चच्या कँटरची. शहरातल्या मुख्य चर्चमधलं संगीत सांभाळायचं आणि थॉमस शाळेतल्या मुलांना गाणं शिकवायचं, असं हे काम. जागा रिकामी मात्र नव्हती. सव्वीस वर्षं ती सांभाळणारा योहान सेबास्टियन बाख हयात होता. त्याची प्रकृती ढासळली होती एवढंच. सॅक्सनीच्या मंत्र्याने, काउंट ब्र्यूलने, हाररची शिफारस केली होती आणि नगरपरिषदेने बाखच्या मरणाची वाट न पाहता त्याचा वारस ऐकून ठेवला. बाख त्यानंतरही वर्षभर जगला. 28 जुलै 1750 रोजी तो गेला, त्याला सेंट जॉनच्या दफनभूमीत पुरलं. थडग्यावर नावाचा दगडसुद्धा बसवला नाही. ठरल्याप्रमाणे हारर कामावर रुजू झाला.

पुढची एकोणऐंशी वर्षं बाख विस्मृतीत गेला आणि 1829 साली फेलिक्स मेंडेलसोन नावाच्या वीस वर्षांच्या पोराने त्याला एका संध्याकाळी परत आणलं, अशी गोष्ट सगळीकडे सांगितली जाते. गोष्ट खोटी नाही. पण तिच्यात मधली माणसं गळून पडतात, आणि मला ती मधली माणसंच महत्त्वाची वाटतात. संगीत कागदावर असलं तरी कागद टिकवावा लागतो, त्याची नक्कल करावी लागते, कुणाला तरी तो दिव्याजवळ धरून गावा लागतो. बाखच्या बाबतीत हे काम कुणी केलं, ते पाहण्यासारखं आहे.

बाखने मृत्युपत्र केलं नव्हतं. मागे पत्नी आना माग्दालेना आणि नऊ मुलं होती. मालमत्तेची यादी झाली, तिच्यात वाद्यं, चांदीची भांडी, धर्मशास्त्राचे ग्रंथ, सगळं नोंदलं गेलं. संगीताची हस्तलिखितं त्या यादीत नाहीत. ती घरातल्या घरात वाटली गेली. मोठा वाटा थोरल्या दोघा मुलांकडे गेला, विल्हेल्म फ्रीडमान आणि कार्ल फिलिप एमानुएल यांच्याकडे. आना माग्दालेना स्वतः शिकलेली गायिका होती, आणि नवऱ्याच्या रचनांच्या तिने इतक्या प्रती उतरवल्या होत्या की दोघांची अक्षरं ओळखताना पुढच्या अभ्यासकांचा गोंधळ उडाला. एकट्या चेलोसाठीच्या सहा सुइट आज वाजवल्या जातात त्या मुख्यतः तिच्याच प्रतीवरून, कारण बाखच्या हातची प्रत उरलेली नाही. तिच्या वाट्याला आलेल्या कँटाटांचे कागद तिने थॉमस शाळेला दिले. ती 1760 साली गेली तेव्हा शहराच्या दानधर्मावर जगत होती. बाखची धाकटी मुलगी रेगिना सुझाना 1809 पर्यंत जगली. तिच्या हलाखीची बातमी 1800 साली एका संगीत-नियतकालिकाने छापली तेव्हा कुठे तिच्यासाठी वर्गणी गोळा झाली.

हे संगीत मागे का पडलं, याचं उत्तर त्या काळच्या रीतीत आहे. चर्चचं संगीत हे रोजच्या कामाचं संगीत होतं. रविवार आला की नवा कँटाटा हवा. नवा कँटर आला की तो स्वतःचं लिहायचा, जुन्याचं काढून गाण्याची पद्धत फारशी नव्हती. शिवाय रुची पालटली होती. एकाच वेळी चार-पाच स्वतंत्र स्वरपंक्ती गुंफणारी बाखची रचना लोकांना जड, गिचमिड वाटू लागली होती. साधी गोड चाल आणि तिच्याखाली हलकी साथ, ही नवी आवड. बाख जिवंत असतानाच, 1737 साली, योहान आडोल्फ शायबे या टीकाकाराने त्याच्यावर नेमका हाच ठपका ठेवला होता.

पण ‘विसरला’ हा शब्द सगळ्या बाखला लागू होत नाही. त्याचं पेटीवाद्यांसाठीचं संगीत शिष्यांच्या हातून हातात फिरत राहिलं. बॉनमध्ये नेफे नावाच्या शिक्षकाने कोवळ्या बीथोवेनला ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’वर घडवलं. व्हिएन्नात बॅरन फान स्वीटनच्या घरी रविवारी दुपारी बाख आणि हँडेल वाजायचे. बर्लिनला राजदूत असताना फान स्वीटनने या संगीताची ओढ लावून घेतली होती. मोझार्ट 1782 पासून त्या बैठकांना जात असे. 1789 साली मोझार्ट लाइपझिगला आला तेव्हा थॉमस शाळेच्या मुलांनी त्याला बाखचं दोन गायकवृंदांसाठीचं एक मोटेट, म्हणजे समूहगानाची धार्मिक रचना, गाऊन दाखवलं. चार-सहा स्वर ऐकताच तो सावरून बसला आणि गाणं संपल्यावर यातून शिकण्यासारखं काहीतरी आहे म्हणून कागद मागू लागला. शाळेकडे एकत्र लिहिलेली संहिता नव्हती, प्रत्येक आवाजाचे सुटे कागद तेवढे होते. मग मोझार्टने ते सुटे कागद दोन्ही हातांत, गुडघ्यांवर, शेजारच्या खुर्च्यांवर पसरले आणि सगळ्यांवरून एकदम नजर फिरवत, मनातल्या मनात ते जुळवत, संपेपर्यंत जागचा हलला नाही. तिथे हजर असलेल्या रोख्लित्झने हा प्रसंग लिहून ठेवला आहे.

1801 मध्ये ‘वेल-टेम्पर्ड क्लेव्हियर’ छापून बाजारात आलं, 1802 मध्ये फोर्केलने बाखचं पहिलं चरित्र लिहिलं. म्हणजे जाणकारांच्या जगात बाखचं नाव मोठंच होतं, पण ते फ्यूग रचणाऱ्या विद्वानाचं नाव होतं. दोनशेहून अधिक कँटाटा आणि दोन पॅशन, म्हणजे येशूच्या मरणकथेची संगीतरूपं, लिहिणारा बाख, माणसांच्या गळ्यासाठी लिहिणारा बाख, कपाटात पडून होता.

ही कपाटं मुख्यतः बर्लिनमध्ये होती. एमानुएलने वडिलांचे कागद जिवापाड जपले. फ्रीडमानच्या हातून ते निसटत गेले. थोर वादक, पण नोकरीत न टिकणारा हा माणूस पैशांची अडचण आली की वडिलांची हस्तलिखितं विकायचा. 1774 मध्ये तो बर्लिनला आला आणि दहा वर्षांनी तिथेच गरिबीत वारला. त्या दहा वर्षांत त्याला एक शिष्या मिळाली, सारा इत्झिग. लग्नानंतरची सारा लेव्ही. फ्रेडरिक द ग्रेटच्या दरबारी सावकाराची, दानिएल इत्झिगची ही मुलगी. हार्प्सिकॉर्डवर तिचा हात असामान्य होता. तिने फ्रीडमानकडे शिक्षण घेतलं, एमानुएलच्या विधवेला आधार दिला, आणि बाख घराण्याच्या संगीताच्या प्रती आयुष्यभर जमवल्या. बाकी शहर नव्या ऑपेरांमागे धावत असताना तिच्या दिवाणखान्यात बाखचे कॉन्चेर्टो वाजत होते. तिची बहीण बेला सालोमन ही फेलिक्स मेंडेलसोनची आजी.

याच शहरात 1791 मध्ये कार्ल फ्रीडरिश फाशने झिंगअकादमी ही हौशी गायकांची संस्था सुरू केली. फ्रेडरिकच्या दरबारात फाश हा एमानुएलचा सहकारी होता, त्यामुळे बाखची मोटेटं इथे सुरुवातीच्या वर्षांतच गायली जाऊ लागली. फाशनंतर 1800 मध्ये सूत्रं कार्ल फ्रीडरिश झेल्टरकडे आली. झेल्टर पेशाने गवंडी होता, बांधकामाचा उस्ताद, आणि गटेचा जिवलग मित्र. सारा लेव्ही त्याच्या वाद्यवृंदात बसून वाजवायची. फेलिक्सचे वडील अब्राहम यांनी एमानुएलच्या वारशातली हस्तलिखितं विकत घेऊन अकादमीच्या हवाली केली. अकादमीच्या कपाटात बाख येत गेला तो असा, एका घराच्या पुण्याईने. त्या घराचा मूळपुरुष म्हणजे तत्त्वज्ञ मोझेस मेंडेलसोन.

1829 च्या त्या संध्याकाळी गायलं गेलेलं ‘सेंट मॅथ्यू पॅशन’ बाखने 1727 च्या गुड फ्रायडेला पहिल्यांदा सादर केलं. मॅथ्यूच्या शुभवर्तमानातले सव्विसावा आणि सत्ताविसावा हे दोन अध्याय, म्हणजे येशूची अटक, खटला, क्रूसावरचं मरण, हा त्याचा गाभा. मराठी वाचकाला याचा घाट परका वाटू नये. कीर्तनात बुवा आख्यान लावतात, प्रसंग रंगला की थांबून त्यावरचं पद गातात आणि मग सगळी सभा ओळखीच्या गजरात सूर मिळवते. इथे तसंच एक गायक शुभवर्तमान सांगत पुढे जातो, मध्ये थांबून एकल गायक त्या प्रसंगावरचं आपलं दुःख गातात, आणि ठिकठिकाणी सगळ्या गावाला पाठ असलेली प्रार्थनागीतं येतात. त्यातली एक चाल पाच वेळा येते आणि दर वेळी तिच्याखालचे स्वर बदललेले असतात, मरण जवळ येईल तसे अधिक काळोखे. येशूचे शब्द आले की तंतुवाद्यं त्याच्याभोवती लांब, स्थिर स्वर धरतात. फक्त एकदा ती गप्प होतात. देवा, तू मला का टाकलंस, असं तो क्रूसावरून विचारतो त्या क्षणी त्याच्याभोवती काहीही उरत नाही. मी हे संगीत कितीही वेळा ऐकलं तरी तिथे श्वास अडकतो.

बाखला स्वतःला या कृतीचं मोल ठाऊक होतं, हे 1736 च्या सुमारास त्याने केलेल्या स्वच्छ प्रतीवरून दिसतं. एरवी घाईत, खाडाखोड करत लिहिणाऱ्या या माणसाने इथे पट्टीने आखल्यासारखं लिहिलं आहे. संगीत तपकिरी शाईत, आणि शुभवर्तमानाचे शब्द लाल शाईत. पुढे काही पानं खराब झाली तेव्हा त्याने नव्या कागदाचे तुकडे जोडून त्यांवर गेलेले स्वर पुन्हा लिहून काढले. 1740 च्या दशकात शेवटचं गायलं गेलेलं हे संगीत परत कधी होईल याची कसलीही खात्री नसताना त्याने ही डागडुजी केली.

या संहितेची एक नक्कल बेला सालोमनने नातवासाठी करवून घेतली आणि 1823-24 च्या सुमारास त्याला भेट दिली. फेलिक्स तेव्हा चौदा-पंधरा वर्षांचा होता. पुढे अशी कथा पसरली की हे संगीत म्हणे वाण्याच्या दुकानात चीज बांधायच्या रद्दीतून वाचवलं. कथा रंगतदार आहे, पण तिच्यामुळे एका घराने पन्नास वर्षं घेतलेल्या कष्टांवर पाणी पडतं. ही नक्कल म्हणजे एका जाणत्या आजीने, काय देतो आहोत हे पुरतं समजून, जाणत्या नातवाला दिलेली वस्तू होती.

1827 च्या हिवाळ्यात फेलिक्सने घरी पंधरा-सोळा मित्रमंडळी जमवून त्यातले भाग गायला सुरुवात केली. त्यांच्यात ऑपेराचा गायक-नट एडुआर्ड डेव्रिएंट होता. येशूचे शब्द आपण सगळ्या शहरासमोर गावेत, या ध्यासाने तो झपाटला आणि जानेवारी 1829 मध्ये फेलिक्सला जवळजवळ ओढतच झेल्टरकडे घेऊन गेला. झेल्टर दोघांवर उखडला. दोन गायकवृंद, दोन वाद्यवृंद, हे वाजवणारे कुठून आणणार? मंडळी तालमींना टिकणार आहेत का? भल्याभल्यांनी हात टेकले तिथे ही शेंबडी पोरं निघाली आहेत! फेलिक्स दाराकडे वळलाही होता. डेव्रिएंटने नेट धरला आणि तुमच्याच शिकवणीमुळे आम्हाला हे धाडस सुचलं असं म्हाताऱ्याला सांगत सुटला. झेल्टर अखेर विरघळला. मला त्याचा सुरुवातीचा राग समजू शकतो. त्याने हे संगीत बंद दाराआड निवडक मंडळींकडून म्हणवून घेतलं होतं, त्याची कठीण वळणं त्याला या दोघांपेक्षा जास्त ठाऊक होती. पुढे तालमींना जो गायकवृंद उभा राहिला तो तीन दशकं त्याच्याच हाताखाली बाख गात आलेला होता.

परतताना ऑपेरासमोरच्या चौकात फेलिक्स थबकला आणि ख्रिस्ती जगातलं हे सर्वांत थोर संगीत लोकांना परत द्यायला एक नट आणि एक ज्यूपुत्र लागावा, अशा अर्थाचं बोलून गेला. डेव्रिएंटने हे चाळीस वर्षांनी लिहून ठेवलं, आणि एरवी फेलिक्स आपल्या जन्माविषयी कधी बोलत नसे, असंही लिहिलं. फेलिक्स आणि त्याच्या भावंडांचा बाप्तिस्मा 1816 मध्येच झाला होता. तरी हा मुद्दा त्याच्या मनातून गेलेला नव्हता, आणि बर्लिनच्याही नाही.

तालमी सुरू झाल्या. आधी थोडे गायक, मग अधिक, शेवटी दीडशेच्या वर. वाजवणारे बहुतेक हौशी, मोजके राजदरबारच्या वाद्यवृंदातले. सगळ्या वाद्यांचे आणि आवाजांचे सुटे कागद लिहून काढायचं अवाढव्य काम व्हायोलिनवादक एडुआर्ड रीट्झ, त्याचा भाऊ आणि मेहुणा यांनी एक पैसा न घेता केलं. फेलिक्सने संहितेला बरीच कात्री लावली. अनेक एकल गाणी पूर्ण गाळली, बाखच्या काळातली नाहीशी झालेली ओबोच्या जातीची वाद्यं होती तिथे क्लॅरिनेट घेतले, आणि संपूर्ण घाट कथेच्या वेगावर बांधला. आजच्या शुद्धतावाद्यांना हे खटकतं. मला वाटतं, त्या दिवशी सगळं सगळं ऐकवण्याचा हट्ट धरला असता तर श्रोते उठून गेले असते आणि बाख आणखी पन्नास वर्षं कपाटात राहिला असता. संगीतसमीक्षक आडोल्फ बर्नहार्ड मार्क्स आपल्या नियतकालिकातून आठवड्यामागून आठवडे लिहीत लोकांचे कान तयार करत होता.

11 मार्च 1829. अकादमीचं नवं सभागृह खचाखच भरलं, शेकडो लोकांना तिकीट न मिळाल्याने परतावं लागलं. राजा आला होता. तत्त्वज्ञ हेगेल, धर्मशास्त्री श्लायरमाखर, कवी हाइने हेही आले होते. डेव्रिएंट येशू झाला. बीथोवेनच्या ‘फिडेलिओ’ची पहिली नायिका आना मिल्डर-हाउप्टमान एकल गायकांत होती, आणि फेलिक्सची थोरली बहीण फानी गायकवृंदात आल्टोंमध्ये उभी. दोन वृंदांच्या मध्ये ठेवलेल्या पियानोपाशी फेलिक्स हातात छडी घेऊन उभा राहिला. सारी संहिता त्याला तोंडपाठ होती. ते सभागृह चर्चसारखं दिसत होतं, इतकी गाढ शांतता होती, असं फानीने पत्रात कळवलं. फानीविषयी इथे सांगायलाच हवं. तेराव्या वर्षी तिने बाखचे चोवीस प्रिल्यूड पाठ करून वडिलांना वाजवून दाखवले होते. भावाइतकीच तयारी, पण बाईमाणसाने संगीताचा व्यवसाय करायचा नाही, हे घराने ठरवून टाकलं होतं. त्या संध्याकाळी ती अनेकांमधला एक आवाज होती.

21 मार्चला, बाखच्या जन्मदिवशी, दुसरा प्रयोग झाला. तिसरा गुड फ्रायडेला झेल्टरने केला, कारण फेलिक्स तोवर लंडनला निघून गेला होता. 1830 मध्ये संहिता छापली गेली. फ्रँकफुर्ट, ब्रेस्लाऊ, क्योनिग्सबर्ग अशा शहरांनी ती उचलली. 1841 मध्ये फेलिक्सने ती बाखच्याच लाइपझिगमध्ये, सेंट थॉमस चर्चमध्ये, सादर केली. दोन वर्षांनी त्या चर्चजवळ स्वतः पुढाकार घेऊन बाखचं स्मारक उभारलं आणि त्या समारंभाला बाखचा अखेरचा हयात नातू विल्हेल्म फ्रीडरिश एर्न्स्ट हजर होता. 1850 मध्ये बाखच्या समग्र कृती छापण्यासाठी लाइपझिगला मंडळ स्थापन झालं. त्याचं काम संपायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली.

बर्लिनने मात्र फेलिक्सला काय दिलं? झेल्टर 1832 मध्ये वारला. अकादमीच्या प्रमुखपदासाठी जानेवारी 1833 मध्ये मतदान झालं आणि रुंगेनहागेन नावाच्या जुन्या सहायकाला 148 मतं पडली, मेंडेलसोनला 88. आज रुंगेनहागेनची एकही रचना कुणाच्या कानावर येत नाही. फेलिक्स 1847 मध्ये अडतिसाव्या वर्षी गेला. तीन वर्षांनी रिचर्ड वाग्नरने टोपणनावाने लेख लिहून ज्यू माणसाला खरं संगीत निर्माण करताच येत नाही, असं मांडलं आणि उदाहरण म्हणून मेंडेलसोनलाच पुढे केलं. 1936 च्या नोव्हेंबरात नाझींनी लाइपझिगच्या गेवांडहाउससमोरचा त्याचा पुतळा पाडला. महापौर गोर्डेलर तेव्हा परगावी होता. परतल्यावर त्याने पुतळा पुन्हा बसवायची मागणी केली, ती मानली गेली नाही आणि त्याने पद सोडलं. ज्या शहराला बाख परत मिळवून दिला त्या शहराने हे होऊ दिलं, हे वाचताना आजही संताप येतो.

कागदांचं काय झालं? पैशांच्या तंगीत अकादमीने 1854 मध्ये बाखच्या हातची हस्तलिखितं बर्लिनच्या राजग्रंथालयाला विकली होती. ती त्यामुळे वेगळ्या जागी होती. उरलेला मोठा संग्रह, सारा लेव्हीने दिलेल्या प्रतींसह, दुसऱ्या महायुद्धात बाँबपासून वाचवायला सिलेशियातल्या एका वाड्यात हलवला गेला. युद्ध संपलं तेव्हा तो तिथे नव्हता. पन्नासेक वर्षं तो नष्ट झाला असंच धरलं गेलं. मग 1999 मध्ये बाखचा अभ्यासक क्रिस्टोफ वोल्फ आणि त्याचे सहकारी युक्रेनची राजधानी कीव्हमधल्या सरकारी दप्तरखान्यात पोचले, आणि तिथे पाच हजारांहून अधिक संगीत-हस्तलिखितं मांडणीवर नीट लावलेली सापडली. सोव्हिएत फौजेने ती 1945 मध्ये तिकडे नेली होती.

त्यात ‘आल्टबाखिशेस आर्किव्ह’ होतं. म्हणजे सेबास्टियन बाखच्या आधीच्या पिढ्यांतल्या बाखांचं संगीत, जे घराण्यात जपलं गेलं आणि जे सेबास्टियनने स्वतः सांभाळलं. वडिलांच्या चुलतभावाचं, योहान क्रिस्टोफ बाखचं, एक मोटेट त्याने आयुष्याच्या अगदी अखेरीस थरथरत्या हाताने गाण्यासाठी तयार केलं. ते आपल्याच अंत्ययात्रेसाठी असावं, असा वोल्फचा तर्क आहे. एमानुएलने हॅम्बुर्गमध्ये लिहिलेली, कायमची गेली असं मानलेली जवळजवळ सगळी पॅशन त्याच गठ्ठ्यांत निघाली. युक्रेनने 2001 मध्ये संग्रह बर्लिनला परत केला. तो आता तिथल्या राज्य ग्रंथालयात आहे, आणि एमानुएलची ती पॅशन एकेक करून संपादित होऊन छापली गेली आहेत आणि पुन्हा गायली जाऊ लागली आहेत.